टोपीवाल्याचा सल्ला

पेला पडला तेव्हा सामन्याचं एकसष्टावं मिनिट चालू होतं. जाड बुडाचा स्टीलचा पेला, आत चार काचेच्या गोट्या. मांडणीच्या वरच्या फळीवरून तो आधी पोळपाटावर आदळला, तिथून फरशीवर, आणि गोट्या वाट फुटेल तिकडे पळाल्या. सुमनबाईंनी माउस सोडला आणि 'बाहेर' एवढा एकच शब्द उच्चारला. ओरडल्या नाहीत. मधल्या सुट्टीनंतर चौथीच्या वर्गाला 'आत' म्हणतात त्याच आवाजात 'बाहेर' म्हणाल्या आणि थेट अंगणातल्या लिंबाखाली जाऊन उभ्या राहिल्या. पाय अनवाणी, उजव्या हाताची बोटं अजून माउस धरल्यासारखी वाकलेली. मागे वळून बघतात तर दारात नवरा नाही. मनात दहा आकडे मोजून झाले तेव्हा केरबा बाहेर आले, दोन्ही पायांत चपला, हातात चहाची गाळणी. "गॅस बंद केला," ते म्हणाले, "आन डावी चप्पल घावंना झालती." सुमनबाईंनी लिंबाकडे पाहिलं. पान हलत नव्हतं. एप्रिलअखेरचं लातूरचं ऊन सकाळी साडेनऊलाच पत्र्यावर चढून बसलं होतं. शेजारच्या उमाबाईंच्या दुसऱ्या मजल्यावर स्लॅब पडत होता, आणि त्या अर्ध्या ओल्या स्लॅबच्या कडेला उभे राहून तय्यब मिस्त्री सिमेंटने पांढऱ्या झालेल्या दाढीतल्या दाढीत हसत होते. "बाई, जलजला न्हाई, भुईकंप न्हाई. आमचा मिक्सर हाय. तुमच्या भितीला जरा टेकला." मग हसू आवरून, कामाच्या आवाजात, "दुपारपस्तोर हे उरकतंय. मंग चहाला येतो. हो का न्हाई, येवढंच सांगा. स्लॅबाखाली लावायच्या उरलेल्या प्लेटा उद्याच्याला नांदेडला चालल्या, पुन्ना दिवाळीपस्तोर घावत न्हाईत."

पेल्याची हकिगत सांगायला हवी. किल्लारीच्या भूकंपाला यंदा वीस वर्षं होतील. तेव्हा गावोगावच्या पत्र्याच्या शेडमध्ये उपड्या वाटीवर पेला, पेल्यात खडे, असे बिनपगारी राखणदार उभे राहिले होते. जमीन हलली की माणसाच्या आधी पेल्याला कळतं, तो पडतो, आवाज होतो, आपण बाहेर पळायचं. वर्ष-दोन वर्षांत पाहुणे आले, लग्नं निघाली, भांडी कमी पडायला लागली आणि बहुतेक घरांत पेले पुन्हा पाणी प्यायच्या कामाला लागले. सुमनबाईंच्या घरात मात्र तो उभाच राहिला. खडे जाऊन मुलाच्या, धम्मदीपच्या गोट्या आल्या एवढाच फरक. दोनदा मांजराने पाडला, एकदा गणपतीच्या ढोलाने, आणि दर वेळी दोघांपैकी कोणीतरी तो पुसून, गोट्या मोजून, परत वाटीवर ठेवला. त्याबद्दल बोलणं कधी झालं नाही. संसारात अशा काही गोष्टी असतात की त्यांना हात लावला तर उगाच काहीतरी निघेल असं दोघांनाही वाटत असतं.

आत येऊन त्या परत कॉम्प्युटरसमोर बसल्या. फुटबॉलचा खेळ आपणहून थांबला होता. त्यांच्या मध्यरक्षकाचा पाय मुरगळला होता, आणि त्याच्या जागी कोण, आणि पुढे कसं खेळायचं, हे व्यवस्थापकाने सांगितल्याशिवाय घड्याळ हलणार नव्हतं. व्यवस्थापक म्हणजे सुमनबाई. हे पद त्यांच्या गळ्यात पडलं ते मुलामुळे. धम्मदीप नांदेडजवळच्या विष्णुपुरीला इंजिनिअरिंगला गेला तेव्हा जाताना म्हणाला होता, "आई, माझी टीम अर्ध्यात सोडवत न्हाई. तू रोज फक्त कंटिन्यूचं बटन दाबत जा." इंग्लंडातल्या बऱ्याच खालच्या लीगमधला ब्रॅमलो टाऊन नावाचा कुठलासा क्लब. सुमनबाईंनी महिनाभर इमानाने बटण दाबलं आणि संघ ओळीने नऊ सामने हरला. सलग नऊ पोरं नापास झाल्यावर कुठल्या मास्तरणीला झोप येईल? त्या खुर्ची पुढे ओढून बसल्या, शब्दकोश शेजारी घेतला आणि वाचायला लागल्या. प्रत्यक्षातलं फुटबॉल त्यांनी अजूनही पाहिलेलं नाही. पडद्यावर ठिपके पळतात, खाली अक्षरं येतात, एवढ्यावर त्यांचं भागतं. त्यांना खरा रस वाटला तो वेगळ्याच गोष्टीत. या खेळात तीन सहायक प्रशिक्षक होते आणि ते सतत सल्ले द्यायचे.

त्यांची इंग्रजी नावं जिभेला जड, म्हणून चित्रं बघून टोपीवाला, दाढीवाला आणि चष्मेवाला. दाढीवाल्याचं कायम एकच, पुढे सरका, दाबा, चढा. चष्मेवाला आकडे सांगायचा, की त्यांचे बारा हल्ले डावीकडून आले, सात उजवीकडून. मग काय करू, हे मात्र कधी सांगायचा नाही. असे एक केंद्रप्रमुख सुमनबाईंनी सहा वर्षं सोसले होते. टोपीवाला म्हणायचा, बचावफळी मागे ठेवा, आहे तेच चालू द्या. तिघांपुढे वीसपैकी गुण दिलेले होते, कोणाची पारख किती चांगली त्याचे. टोपीवाल्याला चौदा, दाढीवाल्याला नऊ. सुरुवातीला सुमनबाई गुण बघून सल्ला घ्यायच्या. मग त्यांच्या लक्षात आलं की गुणांवरून माणूस किती वेळा बरोबर येतो ते कळतं, पण आत्ता हे तो का म्हणतोय ते कळत नाही. दाढीवाल्याला हरायची भीती नव्हती, कंटाळ्याची होती. चष्मेवाल्याला चूक अंगावर यायची भीती. टोपीवाल्याची भीती कशाची, ते त्यांना आजवर उमगलं नव्हतं. आज हंगामाचा शेवटचा सामना होता. शून्य-शून्य. बरोबरी झाली तरी संघ या लीगमध्ये टिकणार, हरला तर आणखी खालच्या लीगमध्ये जाणार. पडद्यावर तीन चौकोन उघडे होते. टोपीवाला: मागे राहा, आहे तेच चालू द्या. दाढीवाला: पुढे सरका. चष्मेवाला: अठ्ठावन्न टक्के चेंडू त्यांच्याकडे आहे. सुमनबाईंचं बोट बटणावर होतं, पण दाबवेना. कारण तय्यब मिस्त्रींना दुपारी द्यायचं उत्तरही तिथेच कुठेतरी अडकलं होतं.

मिस्त्रींचा प्रश्न साधा होता. वर स्लॅब टाकून शिकायला येणाऱ्या मुलींसाठी दोन खोल्या काढायच्या की नाही. गल्लीत सगळ्यांनी काढल्या होत्या. लातूरला क्लासेसची लाट आली आणि या गल्लीचं सोंगच बदललं. जिथे शेळ्या बांधलेल्या असत तिथे खाणावळी झाल्या, विजेच्या खांबांवर पहिल्या आलेल्या पोरांचे हारतुऱ्यांसकट फोटो चढले, आणि सकाळी सहाच्या बॅचला सायकलींची अशी रांग लागते की दूधवाला पलीकडच्या गल्लीत गाडी लावून चालत येतो. हदगावची, निलंग्याची, देगलूरची पोरं, पाठीला क्लासच्या नावाची दप्तरं, तोंडाने सूत्रं पुटपुटत. सुमनबाईंना हे सगळं आवडायचं. मुलगा शिकायला गेल्यापासून घरात पंख्याचाच काय तो आवाज उरला होता, आणि शेजारच्या गच्चीवरून कोणा मुलीचं मोठ्याने पाठ करणं ऐकू आलं की त्या मनातल्या मनात तिची चूक दुरुस्त करायच्या. आणि आता महामाया होती. निलंग्याकडच्या शाळेत चौथीला त्यांच्या हाताखाली होती, शिष्यवृत्तीत आली, नुकतीच दहावीची परीक्षा देऊन बसली होती. डॉक्टर व्हायचं म्हणते. बाप रोजंदारीवर जाणारा, सरळ माणूस. त्याने फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, "बाई, तुमच्या घरी जागा आसंल तर लातूर. न्हाईतर मी पोरगी अनोळखी जाग्यात ठेवत न्हाई. तालुक्याला घालतो, पुढचं पुढं." सुमनबाई म्हणाल्या होत्या, रविवारी सांगते. आज रविवार.

आणि अडत कुठे होतं? घर मिस्त्रींनीच बांधलेलं, चौदा वर्षांमागे. भिंती विटांच्या, सहा कॉलम लोखंड-सिमेंटचे, पण वर पत्रा. कॉलमच्या सळया पत्र्याच्या वर हात-हातभर तशाच उभ्या सोडलेल्या, उद्या लागलं तर म्हणून. त्या उद्याला चौदा वर्षं झाली. दर एक-दोन वर्षांनी विषय निघायचा आणि केरबा म्हणायचे, "ऱ्हाऊ दे की. काय अडलंय?" त्यांच्या आवाजात राग नसे, हट्ट नसे. सुमनबाई पुढे काही बोलायच्या नाहीत, कारण नवऱ्याला स्लॅबची भीती वाटते आणि ती का वाटते, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार. भूकंपाच्या वेळी ते दोघं निलंग्याकडच्या गावी राहत होते, गावाबाहेर, हलक्या कुडाच्या घरात. हादऱ्याने भांडी पडली, एक कूड वाकला, बाकी काही झालं नाही. पण केरबांची धाकटी बहीण तारामती पलीकडच्या गावी दिलेली होती आणि तिथे दगडमातीच्या दोन हात रुंद भिंती होत्या. एकोणीस वर्षांची मुलगी. केरबा चालत गेले आणि तिसऱ्या दिवशी परत आले तेव्हा त्यांच्या दहाही बोटांची नखं तुटलेली होती. सुमनबाईंना चौथा महिना होता. त्यांनी पाणी तापवलं आणि नवऱ्याचे हात परातीत घेऊन धुतले. पाणी पुन्हापुन्हा लाल मातीचं होत राहिलं, एवढं त्यांना आठवतं. रडणं पुष्कळ नंतर आलं, दोघांनाही वेगवेगळ्या दिवशी. मग मार्चात बाळंतपणाला लातूरच्या दवाखान्यात आल्या, तर केरबा फाटकापाशीच थबकले. पायऱ्यांपर्यंत यायचे आणि वरच्या स्लॅबकडे बघून मागे फिरायचे. कळा वाढल्या तसं सुमनबाईंनी सिस्टरचा हात धरला आणि म्हणाल्या, मला स्लॅबखाली भेव वाटतंय, व्हरांड्यात ठेवा. त्या साली असं म्हणणाऱ्या बायका बऱ्याच होत्या. सिस्टरने काही न विचारता व्हरांड्याच्या टोकाला पत्र्याच्या पडवीत खाट घातली, भोवती पडदे लावले. केरबा पडद्याला पाठ लावून बसले. धम्मदीप जन्माला आला तो पत्र्याखाली, बापाच्या पाठीमागे दीड हातावर.

ते आठवून सुमनबाईंना नेहमीसारखंच बरं वाटलं. जन्मात एकदाच बोललेली खोटी गोष्ट, आणि इतकी कामी आलेली. त्यांनी पडद्याकडे पाहिलं. टोपीवाला टोपी घालून वाट बघत होता. मागे राहा, आहे तेच चालू द्या. काय रे बाबा तुझं, त्यांच्या मनात आलं, नेहमीचंच. आणि मग वाटलं, नेहमीचं कुठे? जानेवारीत शाळेची तपासणी होती. सुमनबाई आठवडाभर कागदांत बुडाल्या होत्या आणि घाईघाईत काहीतरी भलतंच बटण दाबलं जाऊन संघ सहा सामने उघड्या छातीने, पुढे चढून खेळला. तेव्हा हाच टोपीवाला काय म्हणाला होता? 'संघाला चढाईची सवय झाली आहे, तीच चालू ठेवावी.' सुमनबाई भडकल्या होत्या. विष्णुपुरीला फोन लावून म्हणाल्या होत्या, "ह्या मानसाला सोताचं मत न्हाई. चौदा मार्क कशाचे दिले ह्याला?" आणि धम्मदीप हसून म्हणाला होता, "आई, तो तुझंच बगून बोलतो. तू जे रोज करशील तेच तुला पायजे आसंल, आसं धरून चालतो." तेव्हा त्या नुसत्या हसल्या होत्या. आत्ता हसू आलं नाही. माउसवरचा हात मांडीवर आला. तो तुझंच बघून बोलतो. पलीकडे मिक्सर गडगडत होता, पत्रा तापून टकटक करत होता, आणि सुमनबाईंना डावी चप्पल आठवली. भ्यालेला माणूस डावी चप्पल शोधत बसतो होय? गॅस बंद करतो, चपला घालतो, मग दहा आकड्यांनी सावकाश बाहेर येतो? धावल्या कोण होत्या? अनवाणी, एका दमात, लिंबापर्यंत?

मग एकाला लागून एक निघत गेलं. दर दिवाळीला केरबा पत्र्यावर चढतात आणि त्या सहा कॉलमच्या सळयांना लाल ऑक्साइड लावतात. एसटीच्या वर्कशॉपमधला माणूस, गंज डोळ्यांना खपत नाही, असं सुमनबाई धरून चालल्या होत्या. पण अंगणातलं फाटक सात वर्षं गंजून पडलंय, त्याला कधी ब्रश लावला नाही. ज्याला स्लॅब नको तो सळया चौदा वर्षं कशाला जपेल? आणि पेला. नांदेडला त्या दहा दिवसांच्या प्रशिक्षणाला गेल्या होत्या, परत आल्या तर पेला लख्ख पुसलेला, वाटीवर नेमका मधोमध. तेव्हा त्यांना वाटलं होतं, एकटे असतानासुद्धा यांना धीर नाही, आणि तेव्हापासून त्या स्वतः रोज पेल्यावर नजर टाकायला लागल्या. ते बघून केरबांना काय वाटलं असेल, हा विचार मात्र त्यांना वीस वर्षांत आज पहिल्यांदा शिवला. सुमनबाईंच्या कानाच्या पाळ्या तापल्या. वर्गात सगळ्यांदेखत फळ्यावर चुकीचं लिहिलं की होतं तसं. आणि त्या तापण्याखाली आणखी एक गोष्ट होती, तिच्याकडे बघायला त्यांना आवडेना, पण बघितली. नवऱ्याच्या भीतीच्या आडोशाला त्या स्वतः बऱ्यापैकी सुखाने राहिल्या होत्या. कोणी विचारलं, बाई, वर का नाही बांधत, की सांगायला तो भला माणूस होताच.

त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या. केरबा मांडणीसमोर गुडघ्यांवर ओणवे होते, एक हात खाली घालून चाचपत. शेजारी फरशीवर पेला, बुडाला चेपलेला, आणि तीन गोट्या ओळीत मांडलेल्या. "एक घावंना," ते मांडणीखालीच बोलले. सुमनबाई उंबऱ्यावर टेकल्या. "अवो, एक इचारू?" "इचार की." "सळयांना रंग कामून देता दरसाली?" हात चाचपायचा थांबला. "गंजू ने म्हून." "गंजल्या तर काय बिघडलं? कुठं लागून ऱ्हाईल्यात त्या?" केरबा तसेच, तोंड मांडणीकडे ठेवून म्हणाले, "लागल्या तर. तुजं भेव गेल्यावर."

"माजं?" सुमनबाई म्हणाल्या.

"मंग कुनाचं? दवाखान्यात तूच म्हनली सिस्टरला, स्लॅबखाली नको. मी आयकलं पायरीवरून." केरबा आता सरळ होऊन फरशीवर बसले होते, केसात जळमट अडकलेलं. "तवापून मी ठरीवलं, हिला त्या वाटंनं न्यायचंच न्हाई. काढलास का तू इषय, मी म्हनायचो, ऱ्हाऊ दे. तुला बरं वाटावं म्हून." "ते मी तुमच्यासाठी म्हनले वो," सुमनबाई म्हणाल्या. "तुमी फाटकापाशी उभे. आत पाय घालंनात. मला वाटलं, पोरगं व्हतंय आन बाप रस्त्यावर." केरबांनी त्यांच्याकडे बघितलं. वर्कशॉपमध्ये इंजिन खोलल्यावर भलताच भाग बिघडलेला निघावा तसा त्यांचा चेहरा झाला. "मी तर त्या साली पावसाळ्याच्या आतच नीट झालो," ते म्हणाले. "डेपोला काय पत्रा हाय का? हापिसात स्लॅबखाली जेवतो, तितंच दुपारचा डुलका काढतो. वीस वर्सं." "आन माज्या शाळंला?" सुमनबाई म्हणाल्या. "दोन मजली हाय. मी खालच्या वर्गात." दोघांनीही मग एकदमच वर पाहिलं. वर पत्रा होता, दुपारी भट्टी, पावसाळ्यात ताशा. वीस वर्षं दोघं दिवसभर स्लॅबखाली बिनघोर राबले होते आणि संध्याकाळी एकमेकांच्या काळजीने पत्र्याखाली येऊन घामाघूम झाले होते. आधी केरबांच्या खांद्यांना हसू फुटलं. सुमनबाईंनी पदर तोंडाशी धरला, पण तो काही पुरला नाही. पलीकडून उमाबाईंनी विचारलं, काय झालं हो बाई, आणि त्यांना उत्तरसुद्धा देता येईना.

हसू ओसरल्यावर सुमनबाई म्हणाल्या, "खरं सांगू? थोडं वाटतं मला. सगळं तुमच्यावर ढकलून चालत न्हाई. सकाळी मीच पळाले." "थोडं मलाबी वाटतं," केरबा म्हणाले. "वाटू दे. तय्यबनं कॉलम भरले तवा मी सोता उभा व्हतो. सळई न् सळई मोजून घेतली. तारामतीचं घर मातीचं व्हतं." तिचं नाव त्यांच्या तोंडून सुमनबाईंनी कितीतरी वर्षांत ऐकलं नव्हतं. केरबा चेपलेला पेला हातात फिरवत होते. "तिला अकरावीला जायाचं व्हतं. तुला ठाव न्हाई, आपलं लगीन व्हायच्या आदीची गोष्ट. म्या सोता निलंग्यात आठ दिवस खोली हुडकली. आपल्याला कोन देतंय खोली? दारातूनच आडनाव इचारायचे. मंग बाबा म्हनले, ऱ्हाऊ दे, आन तिचं लगीन लावलं त्या गावाला." त्यांनी पेला खाली ठेवला. "खोली घावली आसती तर ती त्या घरात नसती झोपली." सुमनबाईंनी हात पुढे करून त्यांच्या केसातलं जळमट काढलं, आणि काढून झाल्यावरही हात तिथेच राहू दिला. डोळे भरले होते ते त्यांनी लपवले नाहीत. "म्हामायाच्या बापाला फोन लाव," केरबा म्हणाले. "आन तय्यबला म्हनावं, खिडक्या मोठ्या काढ. पोरींना वाचाय उजेड लागतो."

फोन लावायच्या आधी सुमनबाई कॉम्प्युटरपाशी गेल्या, कारण एकसष्टाव्या मिनिटाला कोणाला तसं उभं ठेवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. अंगात एक वेगळीच हुशारी आली होती. "तुमाला काय वाटतं," त्यांनी आतून येणाऱ्या केरबांना विचारलं, "मागं ऱ्हाऊ का पुढं चढू?" "मला त्यातलं काय कळतंय? तुला काय वाटतंय?" हा सल्ला त्यांना तिघांच्या सल्ल्यांपेक्षा बरा वाटला. त्यांनी टोपीवाल्याचा चौकोन बंद केला, दाढीवाल्याचा मान ठेवला आणि अकराच्या अकरा ठिपके पुढे ढकलले. सत्तावीस मिनिटं ब्रॅमलो टाऊन कधी नव्हे इतकं देखणं खेळलं. दोनदा चेंडू खांबाला लागला. केरबांनाही चहाचा कप हातात तसाच धरून खुर्चीमागे उभं राहावं लागलं. एकोणनव्वदाव्या मिनिटाला समोरच्यांचा एक ठिपका मोकळ्या मैदानातून एकटाच पळत आला, कारण मागे अडवायला कोणी ठेवलेलंच नव्हतं, आणि गोल झाला. टोपीवाला बरोबर होता. सुमनबाईंनी ते लगेच मान्य केलं. चौदा गुण काही उगीच दिलेले नव्हते. थोड्या वेळाने विष्णुपुरीहून फोन आला. "आई, टिकलो का?" "न्हाई. खालच्या लीगात गेलो." "अगं, बरोबरी पुरत व्हती. काय केलंस तू?" "सगळे पुढं काढले." "कामून पन?" "तुजे पप्पा आन मी वर बांधून ऱ्हाईलो," सुमनबाई म्हणाल्या. धम्मदीपला या उत्तराचा सामन्याशी काय संबंध ते कळलं नाही, पण आईचा आवाज असा त्याने फार दिवसांत ऐकला नव्हता, म्हणून तो म्हणाला, बरं, पुढच्या सीझनला येऊ वर.

महामायाच्या बापाने फोन उचलला आणि सगळं ऐकून नुसतं 'हाव' म्हणाला. दोनदा म्हणाला. मागून महामायाने ओरडून विचारलं की अकरावीची पुस्तकं आत्तापासून आणली तर चालतील का. पाऊण वाजता तय्यब मिस्त्री आले. उमाबाईंचा स्लॅब उरकला होता, अंगभर सिमेंट, हातपाय धुऊनही दाढी पांढरीच. ओट्यावर बसत त्यांनी आधी सुमनबाईंकडे पाहिलं, मग केरबांकडे, आणि दोघांचे चेहरे बघून उत्तर ऐकायच्या आधीच खिशातून टेप काढला. "चौदा साल," ते म्हणाले, "चौदा साल मी ह्या सळया खालून बगून ऱ्हाईलो. वाटायचं, केरबाभाऊला तय्यबच्या कामाचा भरोसा न्हाई." "तसं न्हाई वो मिस्त्री," केरबा म्हणाले. "आमालाच उशीर झाला." मिस्त्रींनी पाणी मागितलं. केरबा आत गेले. सुमनबाईंना मांडणीशी भांडी वाजलेली ऐकू आली, मग नळ, मग चिमूटभर राखेने काहीतरी घासल्याचा आवाज. ते बाहेर आले तेव्हा हातात तोच पेला होता, काठोकाठ भरलेला. सुमनबाईंनी स्वयंपाकघरात डोकावून वरच्या फळीकडे पाहिलं. उपडी वाटी आता सुलटी झाली होती आणि तिच्यात गोट्या होत्या, चारही.

मिस्त्रींनी एका दमात पाणी संपवलं, पेला खाली ठेवायला गेले तर तो एका अंगाला कलला. त्यांनी तो उचलून बुडाकडून पाहिला. "हे काय भाऊ, चेपला कसा?"

"लई दिस उभा व्हता," केरबा म्हणाले. "आनखी देऊ पानी?"